भूदृश्य बदलले : पुनर्छायाचित्रण आणि कर्त्याचा प्रश्न

१

दुसऱ्याचे म्हणणे नीट समजून घ्यावे असे कोणाला सुचवायचे असले, की आपण मराठीत ‘त्याच्या जागी उभे राहून पाहा’ असे म्हणतो. हा वाक्प्रचार इतका अंगवळणी पडलेला आहे की त्यामागची दोन गृहीतके सहसा ध्यानात येत नाहीत. पहिले गृहीतक असे की पाहणे हे नेहमी कोठून तरी पाहणे असते. जागेवाचून दृष्टी नाही. दुसरे असे की आपली जागा सोडून दुसऱ्याच्या जागी जाणे शक्य आहे, आणि ते इष्टही आहे. पहिले गृहीतक ज्ञानमीमांसेतले, दुसरे नीतिविचारातले. वाङ्मयसमीक्षेत निवेदकाचा दृष्टिकोन, पुनर्वाचन, पुनर्कथन या संकल्पनांची चर्चा करताना आपण या दोहोंची नकळत सरमिसळ करतो. दुसऱ्याच्या जागेवरून जे दिसले ते प्रामाणिकपणे सांगितले म्हणजे त्या जागेला आणि तेथील माणसांना न्याय दिला, असे आपण मानून चालतो.

हे मानणे कितपत रास्त आहे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्याच्या चिकित्सेसाठी साहित्याबाहेरचे एक उदाहरण घेतो, कारण तेथे हा वाक्प्रचार अक्षरशः आचरणात आणला गेला आहे. मार्क क्लेट (जन्म १९५२) हा अमेरिकी छायाचित्रकार मूळचा भूशास्त्राचा विद्यार्थी. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दुसऱ्या छायाचित्रकाराने जेथे कॅमेरा उभा केला होता ती नेमकी जागा शोधून काढायची, तेथेच आपला कॅमेरा लावायचा आणि तेच दृश्य पुन्हा टिपायचे, या पद्धतीभोवती त्याच्या कलाजीवनाचा मोठा भाग उभा आहे. या पद्धतीला पुनर्छायाचित्रण म्हणता येईल. काळ आणि बदलते भूदृश्य हे तिचे विषय आहेत असे सामान्यतः सांगितले जाते. ते खरेच आहे. परंतु ‘बदलते’ या विशेषणात जो प्रश्न दडलेला आहे तो सौंदर्यशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचाही आहे, असे मला वाटते.

२

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले. त्यानंतरच्या काही वर्षांत तेथील केंद्र सरकारने पश्चिमेकडील प्रदेशांची शास्त्रीय सर्वेक्षणे हाती घेतली. भूशास्त्रज्ञ आणि नकाशे काढणारे यांच्या जोडीला या तुकड्यांत छायाचित्रकारही असत. क्लॅरन्स किंगच्या नेतृत्वाखालील चाळिसाव्या अक्षवृत्तालगतच्या सर्वेक्षणात १८६७ पासून टिमथी ओसुलिव्हन हा छायाचित्रकार होता. पुढे १८७१ पासून त्याने जॉर्ज व्हीलरच्या सर्वेक्षणातही काम केले. विल्यम हेन्री जॅक्सन हा फर्डिनंड हेडनच्या तुकडीबरोबर हिंडत होता. त्या काळी काचेवर कलोडियनचा थर देऊन ती काच ओली असेतोवर चित्र घ्यावे लागे आणि तेथल्या तेथेच धुवावे लागे. साहजिकच अंधारखोली, रसायने, काचा असा सगळा संसार खेचरांवर आणि गाड्यांवर लादून वाळवंटातून न्यावा लागे. निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील असणाऱ्या या काचांवर आकाश कोरे उमटे. दीर्घ प्रकाशनामुळे पाण्याच्या लाटा पुसल्या जाऊन पाणी धुक्यासारखे दिसे. त्या छायाचित्रांत आज जी निःशब्द, काळाबाहेरची शांतता जाणवते तिचा काही भाग असा रसायनशास्त्राने दिलेला आहे.

१९७७ ते १९७९ या तीन वर्षांत क्लेट, एलन मँचेस्टर, जोॲन व्हरबर्ग, गॉर्डन बुशॉ आणि रिक डिंगस यांनी या सर्वेक्षणांतील १२० हून अधिक छायाचित्रांच्या जागा शोधून तेथून नवी छायाचित्रे घेतली. हे काम ‘सेकंड व्ह्यू’ या नावाने १९८४ साली ग्रंथरूपात आले. कल्पना अगदीच नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर याने आल्प्समधील हिमनद्यांच्या हालचाली मोजण्यासाठी ठराविक जागांवरून पुन्हा पुन्हा छायाचित्रे घेण्याची रीत वापरली होती. हेस्टिंग्ज आणि टर्नर या अभ्यासकांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द चेंजिंग माइल’ या ग्रंथात सोनोरन वाळवंटातील वनस्पतींचे पालटते रूप अशाच जोड्यांनी दाखवले होते. विज्ञानात ही मोजणीची साधी रीत होती. क्लेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती कलाव्यवहारात आणली, आणि तेथे येताच तिच्यातून वेगळेच प्रश्न निर्माण झाले.

जागा शोधण्याची त्यांची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. छायाचित्रातील वस्तूंचे परस्परांशी असलेले नाते, म्हणजे कोणता खडक कोणाच्या किती आड येतो हे, भिंग कोणते वापरले यावर अवलंबून नसते. केवळ कॅमेरा कोठे आहे यावर अवलंबून असते. त्यामुळे अंदाजाने एका जागी उभे राहायचे, तत्काळ तयार होणारे पोलरॉइड चित्र घ्यायचे, जुन्या चित्रातील दोन बिंदूंमधले अंतर आणि नव्या चित्रातील तेच अंतर यांची गुणोत्तरे ताडून पाहायची आणि त्यानुसार पुढे, मागे, बाजूला सरकायचे. मग सावल्यांवरून ऋतू आणि प्रहर ठरवायचा आणि त्या दिवसाची, त्या वेळेची वाट पाहायची. चौकट, क्षण, प्रकाश हे छायाचित्रकाराचे तिन्ही अधिकार येथे आधीच दुसऱ्याच्या हवाली केलेले आहेत. कलावंताची स्वतंत्र दृष्टी हे आधुनिक कलाविचारातील जवळपास पवित्र मूल्य होय. त्याचा असा स्वेच्छेने त्याग करणे यात एक प्रकारची नम्रता आहे, आणि तिचे नैतिक मोल नाकारता येणार नाही.

या नम्रतेतून ज्ञानही मिळते. ओसुलिव्हन सर्वेक्षणावर जाण्यापूर्वी युद्धाचा छायाचित्रकार होता. गेटिसबर्गच्या रणांगणावरील प्रेतांचे १८६३ मधील त्याचे छायाचित्र सर्वपरिचित आहे. त्याच रणांगणावर अलेक्झांडर गार्डनर आणि त्याचे सहकारी यांनी घेतलेल्या छायाचित्रांच्या जागा विल्यम फ्रासानिटो या अभ्यासकाने एकेक करून शोधल्या आणि १९७५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतून असे उघड झाले की गाजलेल्या एका चित्रातील मृत सैनिक जेथे पडला होता तेथून उचलून दगडी आडोशाच्या देखाव्यात आणून ठेवला गेला होता. शंभर वर्षांहून अधिक काळ हे चित्र पाहणाऱ्या असंख्य लोकांना जे दिसले नाही, ते त्या जागी जाऊन उभे राहिलेल्या माणसाला दिसले. खुद्द ओसुलिव्हनच्या बाबतीतही असेच घडले. युटामधील वेबर खोऱ्यात ‘विचेस रॉक्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुळक्यांचे १८६९ मधील त्याचे चित्र डिंगसने १९७८ साली पुन्हा घेतले, तेव्हा लक्षात आले की ओसुलिव्हनने कॅमेरा तिरका धरला होता. एरवी उतारावर असलेले ते सुळके त्यामुळे वेगळ्याच नाट्याने उभे ठाकलेले दिसतात. सर्वेक्षणाचा प्रमुख किंग हा पृथ्वीचा इतिहास आकस्मिक उत्पातांनी घडला असे मानणारा होता. ती दृष्टी या तिरकेपणात उतरली असावी काय, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्या वादात न शिरताही एवढे म्हणता येते, की दुसऱ्याच्या जागी उभे राहणे ही मूळ चित्राची समीक्षा असते. दस्तऐवज म्हणून जे स्वीकारले होते त्यात एक निवड होती, हे तिच्यामुळे कळते.

३

येथवर आपल्या वाक्प्रचाराला पुष्टीच मिळते. अडचण पुढे आहे. जोडीतील दोन छायाचित्रे शेजारी ठेवली की ती मिळून एक विधान करतात : ‘हे तेच आहे.’ रोलाँ बार्थने छायाचित्राचे सार ‘हे होते’ या प्रतीतीत पाहिले. पुनर्छायाचित्रणात त्या भूतकाळाला वर्तमानाची जोड मिळते : ते होते, आणि तेच हे आहे. भारतीय दर्शनांत या प्रकारच्या ज्ञानाला प्रत्यभिज्ञा म्हणतात. ‘सोऽयं देवदत्तः’, म्हणजे तोच हा देवदत्त, हे तिचे परंपरागत उदाहरण. या साध्या वाक्यावर आपल्याकडे शतकानुशतके वाद झाला आहे, आणि तो येथे उपयोगी पडतो.

नैयायिकांच्या मते अशी ओळख पटते याचाच अर्थ वस्तू काळातून टिकून राहते. क्षणभंगवादी बौद्धांना हे मान्य नाही. दिव्याची ज्योत प्रतिक्षणी नवी असते, कापलेली नखे आणि केस पुन्हा वाढतात, तरीही ‘तीच ज्योत’, ‘तेच केस’ असे आपण म्हणतो. ओळख सादृश्यातून येते, ऐक्यातून नव्हे, असे त्यांचे म्हणणे. वेदान्ती तिसरा मार्ग घेतात. ‘तो’ या पदातील तेव्हाचा काळ व तेथला देश आणि ‘हा’ या पदातील आताचा काळ व येथला देश हे परस्परविरोधी अंश सोडून द्यायचे आणि केवळ देवदत्त घ्यायचा. ही भागत्यागलक्षणा होय.

पुनर्छायाचित्रण या तिन्ही मतांना एक वेगळा प्रश्न विचारते. शास्त्रकारांच्या उदाहरणात देवदत्त एका जागी दिसला आणि कालांतराने दुसऱ्या जागी. देश आणि काळ ही त्याची उपाधी होती, म्हणून ती टाकता आली. येथे तर जागा हीच देवदत्त आहे. काळ बाजूला सारावा तर चित्रांच्या जोडीला प्रयोजनच उरत नाही. देश बाजूला सारावा तर ओळखायचे काय, हाच प्रश्न पडतो. येथे त्यागता येईल असा भागच नाही. जे वेदान्ती सोडून देतो तेच येथे पाहायचे आहे.

याहून महत्त्वाची एक गोष्ट पद्धतीच्या पोटात आहे. जागा सापडते ती न हललेल्या वस्तूंमुळे. डोंगरकडा, सुळके, भेगा, जागचा न ढळलेला एखादा धोंडा, यांच्या परस्परसंबंधांवरून कॅमेऱ्याचे ठिकाण ठरते. पाणी, गवत, वाटा, वस्त्या, माणसे यांचा या कामी काहीच उपयोग नसतो. म्हणजे बदल पाहण्याचे हे साधन मुळात न बदललेल्याच्या आधारावर चालते. सगळेच बदलले असते तर दुसरे छायाचित्र घेताच आले नसते. परिणामी प्रत्येक जोडीत खडकाला साक्षीदाराचा मान मिळतो आणि बाकी सर्व त्याच्यापुढून आले-गेले असे भासते. ‘सेकंड व्ह्यू’मधील कित्येक जोड्यांत फरक शोधावा लागतो, इतकी ती स्थळे होती तशीच आहेत. त्या पाहताना मनाला जो विसावा मिळतो तो खोटा नव्हे. परंतु तो काही प्रमाणात पद्धतीचे फलित आहे, आणि म्हणून तो जपून घेतला पाहिजे.

४

हा विसावा जेथे टिकत नाही असे एक स्थळ नेव्हाडातील पिरॅमिड सरोवर हे होय. टाहो सरोवरातून निघणारी ट्रकी नदी येथे येऊन संपते. या सरोवराला बाहेर जाणारा प्रवाह नाही. हिमयुगातील लाहोन्टन या विशाल सरोवराचा हा उरलेला अंश. पाण्यातून वर आलेल्या चुनखडकाच्या त्रिकोणी सुळक्यावरून जॉन फ्रेमाँट या शोधप्रवाशाने १८४४ साली त्याला हे नाव दिले. किंगच्या सर्वेक्षणात ओसुलिव्हनने या सुळक्याची आणि भोवतालच्या घुमटाकार खडकांची जी छायाचित्रे घेतली ती आता कलासंग्रहालयांत मानाने लावलेली असतात. रोझालिंड क्राउस यांनी १९८२ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधाची मांडणी यांपैकीच एका चित्रावर केली आहे. किंगच्या १८७८ मधील भूशास्त्रविषयक ग्रंथात या छायाचित्रावरून केलेले शिलामुद्रित चित्र आहे. त्यात ढग आणि लाटा भरून काढल्यामुळे छायाचित्रातील गूढता नाहीशी झाली आहे. या दोहोंच्या तुलनेतून क्राउस असा मुद्दा मांडतात, की ‘निसर्गचित्र’ ही कोटी आपण नंतर लादली. मूळचे ते भूशास्त्राच्या व्यवहारातले एक ‘दृश्य’ होते. हा मुद्दा मोलाचा आहे. मात्र या चर्चेत सरोवर एका ज्ञानक्षेत्रातून दुसऱ्यात जाते; पाणी कोठे जाते, याचा प्रश्न तेथे येत नाही.

पाणी गेले होते. १९०२ च्या भूसुधारणा कायद्यानंतर ट्रकी नदीवर डर्बी धरण बांधले गेले. १९०५ पासून नदीचे मोठ्या प्रमाणावरील पाणी कालव्याने दुसऱ्या खोऱ्यातील शेतीकडे वळवण्यात आले. १९६७ पर्यंत सरोवराची पातळी सुमारे ८० फुटांनी खाली गेली. शेजारचे विनेमुका सरोवर १९३० च्या दशकाच्या अखेरीस पूर्णपणे कोरडे पडले. सरोवराचा काठ हा उत्तर पायूट लोकांचा प्रदेश आहे. तेथील ‘कुइ-उइ’ हा मासा जगात अन्यत्र कोठे नाही, आणि या लोकांचे स्वतःचे नावच ‘कुइ-उइ खाणारे’ अशा अर्थाचे आहे. नदीचे मुख उथळ झाल्याने माशांना अंडी घालण्यासाठी वर चढता येईना. लाहोन्टन जातीच्या ट्राउट माशाचा येथला मूळ वंश १९४० च्या सुमारास सरोवरातून नाहीसा झाला. १९६७ साली कुइ-उइची नोंद संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत झाली. बारा वर्षांनंतर, १९७९ साली, क्लेटने ओसुलिव्हनच्या जागेवरून हे सरोवर पुन्हा टिपले. सुळका तोच. पाणी मात्र खाली उतरलेले, पूर्वी बुडालेले खडकांचे पायथे उघडे पडलेले.

ही जोडी नेमके काय सांगते? मराठीत सांगायचे तर, ‘भूदृश्य बदलले’. या वाक्याकडे थोडे थांबून पाहण्याजोगे आहे. ‘बदलणे’ हे क्रियापद आपल्याकडे अकर्मकही आहे आणि सकर्मकही. ‘भूदृश्य बदलले’ हा कर्तरी प्रयोग असू शकतो. मग भूदृश्य हाच कर्ता, आणि ते आपोआप, काळाच्या ओघात पालटले. किंवा हा कर्मणी प्रयोग असू शकतो, ज्यातला कर्ता बोलणाऱ्याने गाळला आहे. मग भूदृश्य हे कर्म, आणि ते कोणीतरी बदलले. दोन्ही वाक्यांत एका अक्षराचा फरक नाही. पुनर्छायाचित्रांची प्रत्येक जोडी हे वाक्य उच्चारते आणि ते कोणत्या प्रयोगात घ्यायचे हे सांगत नाही. पाणी आटले की वळवले, हा भेद भाषेला करता येतो. प्रतिमेला येत नाही. क्रिया घडली ती दोन चित्रांच्या मधल्या काळात, आणि नेमका तो काळ कोणत्याच चित्रात नाही.

प्रतिमेची ही मर्यादा मानली तर दोष कोणाचाच नाही. परंतु मर्यादा निरुपद्रवी नसते. सुंदर, समतोल, एकाच आकाराची दोन चित्रे शेजारी लावली की पाहणाऱ्याचा कल अकर्मक अर्थाकडे झुकतो. ‘काळाचा महिमा’ असे म्हणून तो पुढच्या जोडीकडे जातो. काळाला कर्तेपण देणे ही आपल्या भाषिक आणि सांस्कृतिक व्यवहारातील जुनी सवय. काळाने राज्ये गिळली, काळाने माणसे नेली, असे आपण सहज म्हणतो. जेथे कर्ता खरोखरच नाही तेथे ती सवय शहाणपणाची असेल. जेथे कायदा आहे, धरण आहे, कालवा आहे, आणि त्या पाण्यावर अवलंबून असलेल्या माणसांच्या संमतीचा प्रश्न आहे, तेथे काळाला कर्ता ठरवणे म्हणजे कर्त्याला निसटू देणे होय.

याउलट घाईही योग्य नव्हे. प्रत्येक बदलामागे एक आणि ओळखू येईल असाच कर्ता असतो, असे समजणे ही दुसऱ्या टोकाची चूक. सोनोरन वाळवंटाच्या अभ्यासात हेस्टिंग्ज आणि टर्नर यांना गुरांची चराई, वणवे, पालटते हवामान यांपैकी कशाला किती महत्त्व द्यावे याची दीर्घ चिकित्सा करावी लागली. चित्रांच्या जोड्यांनी त्यांना निर्णय आयता दिला नाही. तेव्हा मुद्दा कर्ता कोण हे चित्रातून वाचण्याचा नाही. चित्र पाहिल्यानंतर कर्त्याचा शोध घेणे आपल्यावर बंधनकारक होते काय, हा मुद्दा आहे. होते, असे माझे उत्तर आहे. ‘तेच हे’ अशी ओळख पटवून घेणाऱ्याने मधल्या काळाचा हिशेब टाळता कामा नये. पुष्कळ वर्षांनी देवदत्त भेटला, तो खंगलेला दिसला, आणि आपण ‘तोच हा’ एवढेच म्हणून निघून गेलो, तर ज्ञान पुरे झाले असेल. भेट झाली असे म्हणता येणार नाही.

५

पुनर्छायाचित्रणावर येणारा आणखी एक आक्षेप याहून खोलवर जाणारा आहे. दोन चित्रांची जोडी केली की त्यांतले एक आपोआप ‘मूळ’ ठरते. मूळ म्हटले की ते निर्मळ, अस्पर्श; दुसरे म्हणजे ऱ्हास. अशा वाचनात ओसुलिव्हनचा कॅमेरा जणू सृष्टीच्या पहिल्या सकाळी उभा होता. वस्तुतः पिरॅमिड सरोवरावर तो येण्यापूर्वी, १८६० साली, तेथेच पायूट लोक आणि गोरे स्वयंसैनिक यांच्यात लढाई होऊन गेली होती. किंगचे सर्वेक्षण ज्या पट्ट्यातून चालले होते तो खंडाला जोडणाऱ्या लोहमार्गाचा पट्टा. तो मार्ग १८६९ साली पुरा झाला. सर्वेक्षणाचा हेतूच मुळी तेथे काय आहे आणि त्याचा काय उपयोग होईल हे ठरवण्याचा होता. म्हणजे पहिले छायाचित्र हे बदलाच्या आधीचे नाही. ते बदलाच्या आतले आहे. ज्या जागी ओसुलिव्हन उभा राहिला ती जागा त्याला कशी मिळाली, हेही त्या चित्राच्या अर्थात येते. पायूट परंपरेत सुळक्याजवळचा एक खडक म्हणजे आपल्या मुलांसाठी रडणारी दगडाची आई आहे, आणि सरोवर हे तिच्या आसवांचे आहे. तिला पाहण्याची जागा कोणती, हे सर्वेक्षणाच्या कॅमेऱ्याने विचारले नव्हते. त्याच्या जागी निष्ठेने उभे राहणाऱ्या दुसऱ्या कॅमेऱ्यालाही ते न विचारण्याचा वारसा मिळतो.

दुसऱ्याच्या जागी उभे राहण्याच्या नीतीची मर्यादा येथे दिसते. कोणाच्या जागी, हे आधी ठरलेले असते. ज्याने जागेची नोंद ठेवली त्याच्याच जागी परत जाता येते. ज्याच्यापाशी कॅमेरा नव्हता त्याची जागा सापडत नाही. साहित्याच्या पुनर्वाचनाला हे जसेच्या तसे लागू आहे. जुन्या ग्रंथाकडे आपण नव्याने जातो तेव्हा तेथेही ज्यांचे लेखन उरले त्यांच्याच खुणांवरून वाट काढत असतो. या पक्षपाताला उपाय म्हणून जुनी जागा सोडून देणे हे उत्तर नव्हे, कारण तसे केले तर तुलनेचा पायाच जातो. परंतु ती जागा ‘पहिली’ आहे असे मानण्याचे तरी आपण थांबवू शकतो.

क्लेटचा पुढचा प्रवास मला या दृष्टीने अर्थपूर्ण वाटतो. १९९७ ते २००० या काळात तो बायरन वुल्फ आणि इतर सहकाऱ्यांसह त्याच स्थळांवर तिसऱ्यांदा गेला. या वेळी त्यांनी केवळ छायाचित्रे घेतली नाहीत; तेथले आवाज, भेटलेल्या माणसांचे बोलणे, वाटेत सापडलेल्या टाकाऊ वस्तू यांचाही संग्रह केला. ते काम २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर रिबेका सोलनिट या लेखिकेसह वुल्फ आणि क्लेट यांनी योसेमिटी खोऱ्यावर केलेला ग्रंथ २००५ मध्ये आला. त्यात तेनाया सरोवराच्या काठाचे, २००२ साली रचलेले एक विस्तीर्ण दृश्य आहे. एडवर्ड मायब्रिजचे १८७२ मधील, एडवर्ड वेस्टनचे १९३७ मधील आणि ॲन्सेल ॲडम्सचे १९४२ च्या सुमाराचे अशी तीन जुनी छायाचित्रे त्यांच्या त्यांच्या जागी बसवून भोवतीचा काठ नव्या छायाचित्रांनी पुरा केला आहे. तिन्ही दिग्गज एकमेकांच्या जवळच उभे होते आणि प्रत्येकाने शेजारचे वगळले होते, हे या एका चित्रातून कळते. येथे जुने चित्र ही चौकट राहत नाही. ते मोठ्या दृश्यातला एक तुकडा होते. त्या सरोवराच्या नावाची कथाही येथे आठवावी. १८५१ साली तेथील लोकांना खोऱ्यातून हुसकावणाऱ्या पथकातील एकाने त्यांचा प्रमुख तेनाया याला सांगितले की आम्ही या सरोवराला तुझे नाव देत आहोत. त्यावर त्याने उत्तर दिले की त्याला आधीच नाव आहे. हा प्रसंग त्या पथकातील माणसानेच पुढे लिहून ठेवला. मायब्रिजचे चित्र हे त्यानंतर एकवीस वर्षांनी काढलेले, म्हणजे तेही एक ‘नंतरचे’ चित्र होते.

६

दोन चित्रांची मिळून गोष्ट होते : आधी असे होते, आता असे झाले. गोष्टीला शेवट असतो, आणि दुसरे चित्र पाहणारा स्वतःला त्या शेवटापाशी, म्हणजे गोष्टीबाहेर, सुरक्षित समजतो. तिसरे चित्र आले की ही सोय मोडते. दुसरे चित्र, जे कालपर्यंत ‘आता’ होते, तेही ‘तेव्हा’ होऊन बसते; पहिल्याचे पहिलेपण सैल होते, कारण त्याच्याआधीही एखादे असू शकले असते हे उमगते; आणि चौथे कोणीतरी घेईल, त्यात आपण कर्ते म्हणून शोधले जाऊ, ही जाणीव होते. बदल हा आपल्याला पाहायला मिळालेला देखावा असतो तोवर नीतीचा प्रश्न परक्याचा असतो. आपण त्या क्रमात उभे आहोत असे कळले की तो आपला होतो.

मूळ अवस्था मानायची नसेल तर हानी मोजायची कशाने, असे येथे विचारले जाईल. सगळेच प्रवाही, तर तक्रार कसली? पिरॅमिड सरोवराचा पुढचा इतिहास याचे उत्तर सुचवतो. पायूट जमातीने पाण्यासाठी दीर्घकाळ न्यायालयीन लढा दिला. १९९० साली अमेरिकी काँग्रेसने ट्रकी आणि कार्सन नद्यांच्या पाण्याबाबत तडजोडीचा कायदा केला, ज्यात माशांच्या संवर्धनाचा प्रश्न मान्य करण्यात आला. सरोवरातून नाहीशा झालेल्या ट्राउटच्या वंशातले मानले जाणारे मासे १९७० च्या दशकात दूरच्या पायलट पीक या पर्वतावरील एका ओढ्यात आढळले होते. जनुकीय परीक्षणाने त्यांचे नाते दृढ झाले. २००६ पासून ते पिरॅमिड सरोवरात सोडण्यात आले आणि २०१४ साली, कित्येक दशकांनंतर, ट्रकी नदीत त्यांनी अंडी घातल्याचे दिसले. हा तोच मासा काय? बौद्ध म्हणेल, कापून पुन्हा वाढलेल्या नखासारखा. नैयायिक म्हणेल, वंश टिकला, म्हणून तोच. काठावर राहणाऱ्यांना या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबावे लागले नाही. त्यांच्या मागणीचा आधार १८४४ पूर्वीची निष्कलंक सृष्टी हा नव्हता. नदी येथवर पोहोचली पाहिजे, एवढा होता. हानीचे माप अस्पर्श भूतकाळात नसते. ज्या जगण्याला पाण्याची गरज आहे त्या जगण्यात ते असते, आणि ते माप सांगणारी माणसे बहुधा हयात असतात. त्यांना विचारावे लागते.

दुसऱ्याच्या जागी उभे राहणे ही म्हणून नैतिकतेची सुरुवात आहे, पूर्तता नव्हे. त्यामुळे आपल्या दृष्टीचा अहंकार गळतो आणि आधीच्याची निवड उघडी पडते. हे दोन्ही लाभ थोडे नाहीत. परंतु त्या जागेवरून जे दिसते ते अखेर एक असे वाक्य असते ज्याचा प्रयोग ठरायचा आहे. छायाचित्रकार ते वाक्य आपल्यासमोर जितके नेमके, जितके निःपक्षपाती ठेवील तितका तो आपल्या कामाशी प्रामाणिक. ‘भूदृश्य बदलले’ हे वाचून त्यात कर्ता गाळला गेला आहे की मुळातच नाही, हे विचारण्याचे काम त्याने आपल्यावर सोडलेले असते. आणि ते कॅमेऱ्यामागे उभे राहून होण्यासारखे नाही. त्यासाठी सरोवराच्या काठाकाठाने नदीपर्यंत, आणि नदीच्या काठाने धरणापर्यंत चालत जावे लागते.